मीटरभर रॉड, सहा सेंटिमीटर सावली आणि नेपच्यून

जूनचा पहिला आठवडा होता, इंदूरला त्या दिवसांत दुपारी बारानंतर गच्चीवर चपलेशिवाय पाय ठेववत नाही, आणि मी आणि माझा आठवीतला भाचा डोक्यावर ओले पंचे घेऊन एका पाटासमोर उकिडवे बसलो होतो. पाट म्हणजे जेवायला बसायचा लाकडी पाटच, आजीच्या वेळचा. त्याच्या मधोमध पडद्याचा जुना रॉड स्क्रूनं उभा बसवून घेतला होता, पाटापासून टोकापर्यंत बरोबर एक मीटर, पाटावर पांढरा कागद चिकटवलेला, आणि रॉड सरळ आहे ना हे बघायला शेजारच्या बांधकामावरच्या गवंडीदादांकडून ओळंबा मागून आणलेला. पाटाखाली एका बाजूनं पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत सरकवत शेवटी रॉड ओळंब्याच्या दोरीशी जुळला. मग नुसतं बघत बसायचं. बारा वाजता सावली बोटाएवढी लांब होती, बारा वीसला अंगठ्याच्या नखाएवढी, आणि बारा पंचवीसच्या सुमाराला ती रॉडच्या बुडाशी गोळा होऊन नाहीशीच झाली. भाचा ओरडला, "मावशी, गेली!"

हा शून्य सावलीचा दिवस. आपण सगळे लहानपणापासून धरून चालतो की रोज दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, पण तसं होत नाही. बरोबर डोक्यावर तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यातच येतो, आणि तिथंही वर्षातून दोन दिवस, बाकी नाही. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं वरून, डोंगला गावाजवळून जातं, त्यामुळे इंदूर, उज्जैन, बडोदा ही गावं पट्ट्याच्या आत पडतात आणि ग्वाल्हेर बाहेर. ग्वाल्हेरला, दिल्लीला सूर्य कधी म्हणजे कधीच थेट डोक्यावर येत नाही, मे-जूनच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हातसुद्धा तो जरासा दक्षिणेला कललेलाच असतो. इंदूरला हे दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि परत जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतात, पण जुलैचा बहुतेक ढगांतच जातो. आणि वेळ बारा नाही, बारा पंचवीस, कारण आपल्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि इंदूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, तेवढा सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो.

आता खरी गंमत. माझी आत्या ग्वाल्हेरला राहते, लष्कर नावाच्या भागात. तिच्याकडेही त्याच दिवशी तसाच एक मीटरचा रॉड उभा होता, आत्या आणि तिचा नातू तिकडे पंचे घेऊन बसलेले. ग्वाल्हेर इंदूरच्या पूर्वेला असल्यामुळे तिथली खरी दुपार नऊ मिनिटं आधी होते, बारा सोळाला, तेव्हा आम्ही फोन लावूनच ठेवला होता. सगळ्यात आखूड सावली किती, एवढंच हवं होतं. आत्या म्हणाली, "सहा पूर्णांक तीन आली गं, पण कड पुसट आहे, सहासुद्धा म्हणता येईल."

म्हणजे बघा, इंदूरला सावली शून्य आणि त्याच दिवशी ग्वाल्हेरला सहा सेंटिमीटर. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण दोन्ही गावांवर समांतरच पडतात, तेव्हा पृथ्वी सपाट असती तर दोन्हीकडे सावली सारखीच पडायला हवी होती. ती सारखी नाही कारण आपली जमीन वाकलेली आहे, ग्वाल्हेरचा सरळ उभा रॉड आणि इंदूरचा सरळ उभा रॉड हे एकमेकांना समांतर नाहीतच, त्यांच्यात कोन आहे. मीटरला 6.3 सेंटिमीटर सावली म्हणजे साधारण 3.6 अंशांचा कोन. पूर्ण गोल 360 अंशांचा, त्यात 3.6 बरोबर शंभर वेळा बसतात. आणि इंदूर ते ग्वाल्हेर नुसतं उत्तर-दक्षिण अंतर (रस्त्याचं नाही, तिरकंही नाही, फक्त सरळ वर किती) नकाशावर मोजलं तर 389 किलोमीटरच्या आसपास येतं. त्याला शंभरानं गुणा, 38,900 किलोमीटर. पृथ्वीचा खरा घेर 40,000 च्या जवळ आहे. आत्याचं दुसरं माप, म्हणजे सहा सेंटिमीटर, धरलं तर 40,700 च्या वर जातं. खरा आकडा त्या पुसट कडेच्या आतच कुठेतरी होता. जेवायचा पाट आणि पडद्याचा रॉड घेऊन आपण पृथ्वी मोजली याचा जो आनंद त्या दिवशी झाला ना, तो मला शब्दात सांगता येत नाही, आत्या तर रात्री परत फोन करून तेच बोलत होती.

ही युक्ती अर्थातच जुनी आहे. इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अशीच दोन गावं धरून हेच केलं, त्याला 7.2 अंश मिळाले, म्हणजे गोलाचा पन्नासावा भाग. आणि आपल्या अगदी शेजारचं उदाहरण सांगायचं तर भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणीत लिहून ठेवलंय की अवंती, म्हणजे आपलं उज्जैन, विषुववृत्तापासून पृथ्वीच्या घेराच्या सोळाव्या भागावर आहे. 360 भागिले 16, साडेबावीस अंश. आज मोजलं तर उज्जैन 23.2 अंशांवर येतं. पाऊण अंशाचा फरक, नऊशे वर्षांपूर्वी! दोन गावांमधलं अंतर आणि अक्षांशातला फरक घ्या आणि त्रैराशिकानं घेर काढा, ही रीतसुद्धा तेच सांगतात. उज्जैनच्या वेधशाळेत कधी गेलात तर ती दगडी यंत्रं बघताना हे डोक्यात ठेवा, मग ती नुसती जुनी बांधकामं वाटत नाहीत.

पण मला या सगळ्यातून जे सांगायचंय ते वेगळं आहे. खगोलशास्त्राचे मोठाले शोध म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर प्रचंड दुर्बिणी आणि रंगीत फोटो येतात. आणि प्रत्यक्षात त्यातले कितीतरी शोध लागले ते अशाच एखाद्या बारक्या फरकातून, गणितानं एक सांगितलं आणि आकाशानं त्याहून टिचभर वेगळं दाखवलं, आणि कुणीतरी तो फरक सोडून दिला नाही. "जाऊ दे, मोजायला चुकलो असू" असं म्हणणं किती सोपं होतं!

उजेडाचंच घ्या. उजेडाला पोचायला वेळ लागतो हे माणसाला कसं कळलं असेल? सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेग, दिवा लावला की खोली उजळली, त्यात वेळ मोजणार कसा. ते कळलं गुरूच्या एका चंद्रामुळे. आयो नावाचा हा चंद्र साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो, त्याला ग्रहण लागतं, परत बाहेर येतो. सतराव्या शतकात याचा उपयोग आकाशातलं घड्याळ म्हणून व्हायचा, सगळीकडून एकच ग्रहण दिसतं म्हणजे दोन ठिकाणच्या वेळा जुळवता येतात आणि त्यावरून रेखांश काढता येतो, म्हणून पॅरिसच्या वेधशाळेत त्याची कोष्टकं जिवापाड सांभाळत. आणि ते घड्याळ चुकायला लागलं. वर्षातले काही महिने ग्रहणं वेळेच्या आधी, काही महिने उशिरा.

ओले रोमर नावाचा डॅनिश माणूस तिथं काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूपासून लांब चाललेली असते तेव्हा ग्रहणं उशिरा होतात आणि जवळ येत असते तेव्हा लवकर. आता हे असं समजा की देवासहून दर तासाला एक बस सुटते आणि इंदूरला राजवाड्यावर उभं राहिलात तर तुम्हाला ती बरोबर तासातासानं दिसते. पण तुम्ही स्वतः सायकल घेऊन महूच्या दिशेनं निघालात तर प्रत्येक बस तुम्हाला गाठायला थोडा जास्त वेळ घेणार, तासाची बस तुम्हाला एक तास पाच मिनिटांनी दिसणार, पुढची आणखी पाच मिनिटं उशिरा, आणि तुम्ही म्हणाल की बसवाल्यांचं टायमिंग बिघडलं. बिघडलं काहीच नाही, तुम्ही लांब चाललायत. आयो वेळेवरच होता, त्याची बातमी घेऊन येणारा उजेड उशिरा पोचत होता! एका फेरीत हा उशीर जास्तीत जास्त पंधराएक सेकंदांचा, पण महिनोन्महिने साठत गेला की मिनिटांत जातो. 1676 साली रोमरनं आधीच सांगून ठेवलं की 9 नोव्हेंबरचं ग्रहण दहा मिनिटं उशिरा सुटेल, आणि तसंच झालं. त्याच्या वरिष्ठांना, कॅसिनींना, ते तरी पटलं नाही. रोमरचा हिशोब होता की पृथ्वीच्या कक्षेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला उजेडाला 22 मिनिटं लागतात, खरा आकडा 16 मिनिटं 40 सेकंद. आकडा चुकला पण गोष्ट बरोबर होती.

म्हणून आपण आकाशात जे बघतो ते सगळं आधीचं असतं. सूर्य सव्वाआठ मिनिटांपूर्वीचा. गच्चीवरून गुरू बघाल तर तो कुठे आहे त्याप्रमाणे पस्तीस ते बावन्न मिनिटांपूर्वीचा, म्हणजे तुम्ही बघताय तो उजेड निघाला तेव्हा कदाचित तुम्ही सराफ्यात भुट्ट्याच्या किसाची वाट बघत उभे असाल. चंद्राचा तर अगदी काटेकोर हिशोब आहे, अपोलोच्या अंतराळवीरांनी 1969 पासून तिथं आरसे ठेवलेत, त्यावर लेझर मारला की अडीच सेकंदांत परत येतो, आणि त्यातूनच कळलंय की चंद्र दरवर्षी 3.8 सेंटिमीटर लांब चाललाय. आत्याच्या सावलीपेक्षाही कमी! चार लाख किलोमीटरच्या जवळपास अंतरातले पावणेचार सेंटिमीटर.

आता नेपच्यून, हा माझा सगळ्यात लाडका किस्सा. आधी युरेनस. 13 मार्च 1781 ला इंग्लंडमध्ये बाथ गावी विल्यम हर्शेल, पेशानं संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, स्वतः घासून केलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून घरामागच्या बागेत बघत होता, त्याला एक तारा थोडा मोठा, चकतीसारखा दिसला. त्याला वाटलं धूमकेतू. निघाला ग्रह, आणि शनीच्या दुप्पट लांब, म्हणजे एका रात्रीत आपली सूर्यमाला दुप्पट रुंद झाली. नंतर जुन्या वह्या उघडल्यावर कळलं की फ्लॅमस्टीड नावाच्या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञानं 1690 मध्येच तो बघून तारा म्हणून नोंदवलेला होता, हर्शेलच्या नव्वद वर्षं आधी.

त्या जुन्या नोंदी आल्या आणि घोळ झाला. त्या धरून कक्षा काढली की नव्या जागा जुळेनात, नव्या धरल्या की जुन्या जुळेनात. युरेनस गणिताच्या रेघेवर चालतच नव्हता. किती फरक? 1840 च्या दशकात दोन कलांच्या आसपास (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी तीस कलांची असते, त्याचा पंधरावा भाग, नुसत्या डोळ्यांना हा फरक कळणारसुद्धा नाही. पण युरेनसला कुणीतरी ओढतंय, पलीकडे आणखी एक ग्रह आहे, असा हिशोब दोघांनी वेगवेगळा मांडला, इंग्लंडमध्ये अॅडम्सनं आणि फ्रान्समध्ये ल व्हेरिएनं. हे किती अवघड आहे बघा. ग्रह माहीत असेल तर त्याची ओढ काढता येते. इथं ओढ माहीत आणि ग्रह शोधायचा, तो किती जड, किती लांब, आत्ता कुठं, सगळंच अज्ञात. कुणीतरी सतरंजी पलीकडून धरून ओढतंय आणि आपण इकडच्या टोकाच्या सुरकुत्यांवरून सांगायचं की तो कुठं बसलाय आणि केवढा आहे!

ल व्हेरिएचं पत्र 23 सप्टेंबर 1846 ला बर्लिनला गाले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाच्या हातात पडलं. त्याच रात्री त्यानं दुर्बीण लावली, बरोबर द'आरेस्ट नावाचा विद्यार्थी होता, त्यानं सुचवलं की नवा नकाशा शेजारी ठेवून एकेक तारा ताडून बघू. गाले तारे सांगत गेला, विद्यार्थी नकाशावर बघत गेला, आणि एका क्षणी तो म्हणाला की हा तारा नकाशात नाही. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्याही आत. एक अंश म्हणजे हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या नखाएवढी जागा. कागदावरच्या गणितानं ग्रह सापडला आणि दुर्बिणीनं फक्त होकार दिला.

यात आणखी एक गोष्ट आहे जी वाचून मला खरंच वाईट वाटलं. गॅलिलिओनं नेपच्यून 1612 च्या डिसेंबरात आणि 1613 च्या जानेवारीत बघितला होता, गुरूच्या चंद्रांची चित्रं काढताना शेजारी आला होता, त्यानं तारा म्हणून टिपून ठेवला, आणि तो जरासा हलल्यासारखा वाटतो अशीही नोंद त्याच्या वहीत आहे. साडेतीनशेहून जास्त वर्षं ती नोंद तशीच पडून राहिली. आणि नेपच्यूनचं वर्ष आपल्या 165 वर्षांचं, तेव्हा सापडल्यापासून त्याची पहिली फेरी पुरी झाली ती थेट 2011 साली.

ल व्हेरिएला मग बुधाच्या चालीतही फरक सापडला. बुधाची लंबगोल कक्षा हळूहळू फिरते, बाकी ग्रहांच्या ओढीचा हिशोब वजा केला तरी शतकाला 43 विकला उरतात (हा आजचा आकडा, आणि विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). इतकं थोडं की चंद्राच्या रुंदीएवढा कोन साठायला चार हजार वर्षं लागतील. साहजिकच त्यानं तोच उपाय केला, सूर्याच्या आत आणखी एक ग्रह असणार, नावही ठरलं, व्हल्कन. लोकांनी ग्रहणांच्या वेळी वर्षानुवर्षं शोधला. नव्हताच. या वेळी ग्रह कमी नव्हता, न्यूटनचं गणितच अपुरं होतं, आणि 1915 च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचं नवं गणित मांडलं त्यातून ते 43 विकला आपोआप बाहेर पडले. तेच गणित आज आपल्या खिशात चालतं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात अकराएक किलोमीटरची चूक साठेल, राजवाड्यावर उभे असाल आणि फोन तुम्हाला राऊच्या आसपास दाखवेल.

इथं एका मराठी माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्यंकटेश बापूजी केतकर, केतकी पंचांग ज्यांच्या गणितावर चालतं ते. 1911 साली त्यांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत लेख दिला की नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, जवळच्याचं नाव त्यांनी सुचवलं ब्रह्मा, अंतर सूर्य-पृथ्वीच्या 39 पट, फेरी 242 वर्षांची. 1930 मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉनं प्लूटो शोधला, सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी 248 वर्षं. इतकं जवळ! खरं ते सांगायला हवं, हा नेपच्यूनसारखा पुरावा धरता येत नाही, प्लूटो पृथ्वीच्या साधारण पाचशेव्या भागाएवढाच जड आहे, त्याची ओढ कुणाच्या चालीत दिसणारच नाही. पण केतकर ओढीवरून गेलेच नव्हते, गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमध्ये जे आकड्यांचं प्रमाण आहे ते धरून त्यांनी बाहेरच्या ग्रहांवर हिशोब केला, आणि नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन फेऱ्या होतात हे प्रमाण नंतर खरोखर सापडलं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पंचांग भिंतीला टांगलेलं असतं आणि हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही, याची मला खंत आहे.

युरेनसच्या कड्यांचा शोधसुद्धा याच जातीचा. 10 मार्च 1977 ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, अमेरिकी शास्त्रज्ञ हिंद महासागरावर विमानातून दुर्बीण लावून बसले होते, आणि आपल्याकडे तामिळनाडूत कावलूरला भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी जमिनीवरून तोच तारा मोजत होते. तारा युरेनसमागे जायच्या आधीच मध्ये मध्ये क्षणभर मंद झाला. ढग असेल, यंत्राचा दोष असेल, असं म्हणता आलं असतं. पण विमानातल्यांना ग्रहाच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच अंतरांवर तेच दिसलं. कडी होती ती, काही तर जेमतेम थोड्या किलोमीटरची रुंद, दुर्बिणीतून कुणालाच दिसली नव्हती, ताऱ्याच्या डोळे मिचकावण्यातून कळली.

भाच्याला आता त्या पुसट कडेचं वेड लागलंय. सावलीची कड पुसट का, तर सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे एक मीटर रॉडच्या सावलीची कड जवळजवळ एक सेंटिमीटर पसरते, आणि रॉड दोन मीटरचा केला तरी पसारा त्याच प्रमाणात वाढतो, काही उपयोग नाही. उपाय दुसराच आहे. रॉडच्या टोकावर पुठ्ठा आडवा लावायचा, त्याला मिरीएवढं भोक पाडायचं, म्हणजे खाली कागदावर सूर्याचा छोटा गोल उमटतो, त्याचा मध्य पेन्सिलनं नीट टिपता येतो. मोजायचं त्या भोकापासून. पुढच्या जूनला बडोद्याच्या मामांनाही फोनवर घेणार आहोत, त्यांच्याकडे शून्य सावली आमच्या तीनचार दिवस आधी येते. ग्वाल्हेरहून आत्यानं कळवलंय की पुठ्ठा कापून झाला, आणि गोल उन्हात कसा दिसतो ते बघायला नातू रोज दुपारी गच्चीवर जातोय.